चार वळसे

होडी सोळा फुटांची, आम्ही दोघी बहिणी
मिळून एकशे एकतीस वर्षांच्या.
तिघऱ्याच्या पाण्यावर मे महिन्यात
दुपारी चारनंतर जी आंधी येते
ती विचारून येत नाही.
आधी धरणाच्या भिंतीमागचं आभाळ
मुलतानी मातीचं होतं,
मग बगळे उठतात,
मग जे करायचं ते तीन मिनिटांत.

त्या तीन मिनिटांत विभा पुढे जायची.
गुडघ्यांवर रांगत, पार नाळेपर्यंत,
दोरीचं टोक दातांत,
मोठं शीड उतरवून धाकटं चढवायला.
पितळी आकडे एकेक काढायचे, एकेक लावायचे,
ब्लाउजच्या हुकांसारखे,
फक्त आरसा, कपाट, जमीन, सगळं हलत असताना.
मी सुकाण्यावर. मी नुसती ओरडायचे.
सव्वीस वर्षं हीच वाटणी,
स्वयंपाकघरातही जवळपास अशीच.

फेब्रुवारीत तिचं मनगट मोडलं.
होडीवर नाही, दौलतगंजात,
कुणाच्या तरी स्कूटीच्या आरशाने.
प्लास्टर निघालं, पण बोटं
अर्धीच मिटतात अजून.
मी तिला न सांगता माहितीपत्रकं मागवली.

एक स्वस्त होतं. नाळेवर रीळ, रिळाला दोरी,
दोरी थेट आपल्या बसायच्या जागेपर्यंत.
ओढली की शीड गुंडाळतं, सोडली की उघडतं.
पण सगळं, नाहीतर काहीच नाही;
अर्ध्यावर थांबवलं तर खालचं टोक फिरतं,
वरचं मागे राहतं,
आणि पहिल्याच झोताला पुन्हा सुटतं.

दुसऱ्यात तारेवर ॲल्युमिनियमची नळी,
नळीला खाच, खाचेत शिडाचा काठ.
खालपासून वरपर्यंत एकदम वळते,
म्हणून अर्ध्यावर थांबते
आणि थांबून राहते.
किंमत: विभाची चार महिन्यांची पेन्शन.

तिने चष्मा कपाळावर चढवून चित्र पाहिलं.
"ही तर चिक आहे," म्हणाली,
व्हरांड्यातल्या कामट्यांच्या पडद्याकडे हनुवटी करत.
"अर्धी गुंडाळली की पोट सुटतं तिला.
रोज बघतेस. रोज म्हणतेस, तिरकी झाली."

खरं होतं. आकड्यांचं धाकटं शीड
ताठ उभं राहायचं, इस्त्रीतून काढल्यासारखं.

हनीफभाईंकडे गेलो, तंबू शिवतात ते.
त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, तिघराही दोनदाच.
जुनं शीड दुकानाच्या फरशीवर पसरून
त्यावर अनवाणी चालले.
"पेट तो निकलेगा," म्हणाले. मग बिडी विझवून,
पुढच्या काठाला आतून फोमची पट्टी घालू,
मध्ये जाड, टोकांना निमुळती;
पहिले वळसे तीच भरून काढेल.
मागच्या काठावर छत्रीचं काळं कापड,
कारण गुंडाळलेलं शीड उन्हातच उभं राहणार
आणि आपलं ऊन कापडाआधी शिलाई खातं.

"आणि रीळ अडकलं तर?" विभाने विचारलं.
"तर तू आहेस की," मी म्हटलं.
ती हसली नाही.
परतताना रिक्षात तिने गजकचा पुडा
डाव्या हाताने सोडवला,
मी मदत करू नये असा चेहरा करून.

महाग घेतलं.

काल बगळे उठले.
मी जागेवर बसूनच दोरी ओढली:
एक, दोन, तीन,
चौथ्याला रीळ जड झालं, बांधून टाकली.
शीड निम्मं. पोट थोडं, फार नाही.
होडी कलली, आणि कललेलीच राहिली, शहाण्यासारखी.

वर पाहते तर विभा पुढेच.
सवयीने रांगत गेलेली,
नाळेपाशी बसून, हातांना काम नाही,
अर्धी मिटलेली बोटं रिळावर ठेवून.
धुळीत तिचे केस जटांसारखे.
मागे वळून ती काहीतरी सांगत होती.
वाऱ्यात आवाज पोचला नाही,
तोंड दिसलं फक्त:

तिरकं. तिरकं झालंय.

माझ्या दातांखाली वाळू.
मी आणखी अर्धा वळसा घेतला.
ती ओरडतच होती.